अलार्मच्या आधीचं बोट

१

मंगळवारी दुपारी सव्वाबाराला बाइंडर स्वतःच्याच पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जमिनीवर पडलेला सापडला. डाव्या कुशीवर मुटकुळं झालेलं, ओठ पांढरेफटक, आणि कमरेजवळची डबी जीव तोडून कोकलत होती. तो आवाज ऐकून बायको वरच्या मजल्यावरून धावत खाली आली होती. रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या माणसाने सवयीने मनगट धरलं. नाडी लागेना. तो मान हलवून "गेले" म्हणणार, तोच बायको त्याच्या अंगावर ओरडली, "सहा वर्षं नाही त्यांना नाडी! छातीला कान लावा!"

त्याने बाइंडरला उताणं केलं, कान लावला. आत बारीक गुणगुण चालू होती, शेजारच्या खोलीत पंखा चालावा तशी. माणूस जिवंत होता. थोड्या वेळाने डबीही आपोआप गप्प झाली.

सहा वर्षांपूर्वी बाइंडरच्या हृदयाने संप पुकारला, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या तळाशी मुठीएवढा पंप बसवला होता. घरचे त्याला कृत्रिम हृदय म्हणत. हा पंप ठोके देत नाही, भिंगरीसारखा अखंड फिरतो, म्हणून नाडी लागत नाही. त्याची एक वायर पोटातून बाहेर येते आणि डबीला जोडलेली असते. रक्ताचा प्रवाह कमी पडला की डबी बोंब मारते. डबीवर एक बटण असतं. ते दाबलं की दोन मिनिटं आवाज बंद.

असे वीस रुग्ण ज्या सिस्टरच्या पदरी होते, तिला ते सगळे धडधडताई म्हणत. त्यांच्या छातीत धडधड नव्हती, म्हणून सगळ्यांच्या वाटची धडधड ती एकटीच करत असे.

बुधवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. भिंतीवरच्या उजेडात दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावलेले होते.

"हा सहा वर्षांपूर्वीचा. हा कालचा. बघा सिस्टर."

सांगायची गरजच नव्हती. पंप जागेवरून सरकला होता. गेल्या वर्षी बाइंडरच्या आतड्यातून रक्त गेलं, नऊ किलो वजन उतरलं, आणि छातीतली मांडणीच बदलली. पंपाचं तोंड हळूहळू हृदयाच्या भिंतीकडे कललं होतं. मग धाप. मग काळ्या चहासारखी लघवी, कारण अडलेल्या वाटेतून जाताना रक्ताच्या पेशी फुटत होत्या.

"हा पंप आता फार दिवस साथ देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माणसाचं हृदय मिळालं तरच. यादीत त्यांचा दुसरा नंबर आहे. 'आहे' म्हणू की 'होता', ते शुक्रवारी ठरेल."

"म्हणजे?"

त्यांनी डबीच्या स्मरणातून काढलेला कागद पुढे सरकवला. "पंचेचाळीस दिवसांत एकतीस वेळा अलार्म. एकतीसही वेळा बटण दाबून गप्प केलेला. आणि आपल्याला एक फोन नाही. ज्या घरात अलार्मचा गळा दाबतात, त्या घरात मी दुसऱ्या कुणाचं हृदय पाठवू? समिती शुक्रवारी दहाला बसते. नाव काढावं लागेल."

"कोणी दाबलं ते मी शोधून आणलं तर?"

"आणि तो माणूस त्या घरातून बाजूला झाला तर बघू. दोन दिवस आहेत तुमच्याकडे."

"दोन कुठले सर, पावणेदोन," ताई म्हणाली आणि कागद उचलून निघाली.

२

जाताना ती अतिदक्षता विभागात डोकावली. बाइंडर शुद्धीवर होता, पण आवाज खोल गेलेला.

"दादा, अलार्म कोण बंद करत होतं?"

"वाजलाच नाही, तर बंद कोण करणार? मी तर बसून होतो, ताई. नुसता बसून."

बाइंडरचा कारखाना घराच्याच तळमजल्यावर होता. दारातूनच सरसाचा आणि जुन्या कागदाचा वास येई. मधोमध लाकडी शिकंजा, दोन जाड फळ्यांच्या जबड्यात पुस्तक दाबून धरणारा. कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत, दोऱ्याची रिळं. ताईने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पहिली वर गेली, बायकोकडे.

वहिनींनी काही विचारायच्या आत वही पुढे ठेवली. रोज सकाळी सात वाजता, ह्याच खुर्चीत, पाठ सरळ ठेवून: प्रवाह, वेग, वजन. सहा वर्षांत एक दिवस चुकलेला नव्हता, आणि गेल्या दीड महिन्यातले आकडे तर कुणाला दाखवावेत इतके छान.

"तुम्हीच सांगितलंत ना, सरळ बसवायचं, पाच मिनिटं शांत राहायचं, मग आकडे घ्यायचे. तस्संच केलं मी."

"अलार्म कधी ऐकलात?"

"फक्त काल. ताई, इथे वर मला खाली कात्री पडलेली ऐकू येते. एकतीस वेळा वाजला असता तर मी काय बहिरी आहे?"

"दिवसभर काय करायचे ते?"

वहिनींची नजर शिवणयंत्राकडे गेली. तिथे निळ्या जाड कापडाचे तुकडे पडले होते. "काय करणार? बसायचे. डॉक्टरांनी काम बंद सांगितलंय ना."

खाली जावई भेटला. चाळिशीचा, पाय सतत हलवणारा. डबीच्या बॅटऱ्या तोच बदलत असे, म्हणजे डबीला हात लावणारा घरात तोच.

"माझ्यावर संशय आहे ना? घ्या," तो म्हणाला. "मी म्हणालो होतो सगळ्यांसमोर, की एकदाचा हा कारखाना बंद करा आणि आराम करा. नंतर हेही म्हणालो, की त्या डबीची कटकट मला ऐकायला नको. रागात म्हणालो! तोंड आहे, घसरतं. पण बटण? अहो, मला रात्री तिचा हिरवा दिवा दिसला नाही तर झोप लागत नाही."

"सासरे दिवसभर काय करायचे?"

"बसायचे," जावई म्हणाला. जरा फारच लवकर म्हणाला.

तिसरा डिंक. चाळीस वर्षं बाइंडरला चिकटून असलेला कारागीर, म्हणून डिंक. कानात कापसाचे बोळे.

"ऐकू येतं का?" ताईने मोठ्याने विचारलं.

"ऐकू येतं. ऐकून घ्यायचं नसतं म्हणून बोळे. लग्न झालेला माणूस आहे मी."

"काल तुम्ही कुठे होतात?"

"तयार पुस्तकं पोचवायला गेलो होतो. आलो तर गाडी दारात." त्याचे डोळे भरले. "चाळीस वर्षांत त्याच्याआधी एकदाही दुकानातून निघालो नाही, आणि नेमका काल निघालो."

"आणि मालक काय करायचे रोज?"

डिंकाने शिकंज्याकडे पाठ केली. "बसायचे."

तीन माणसं, तीन स्वभाव, आणि उत्तर मात्र एकच, एका साच्यातून काढल्यासारखं. ताई कारखान्यातून निघाली ती हे पक्कं करूनच, की तिघंही खोटं बोलताहेत. पण एकच खोटं तिघं मिळून का सांगताहेत?

३

संध्याकाळी तिने तो कागद टेबलावर पसरला आणि पट्टी घेऊन ओळ न् ओळ वाचली. सकाळी तिने फक्त तारखा पाहिल्या होत्या. आता सेकंद पाहिले.

पहिली नोंद: बटण दाबलं, अकरा बेचाळीस आणि सात सेकंद. अलार्म, अकरा बेचाळीस आणि सोळा सेकंद.

तिने चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. दुसरी नोंद, तिसरी, दहावी, एकतिसावी. कुठे सात सेकंद, कुठे अकरा, कुठे पंधरा. पण प्रत्येक ठिकाणी बोट आधी आणि अलार्म नंतर. म्हणून तर घरात कुणी काही ऐकलं नव्हतं. डबीचा गळा ओरडण्याआधीच धरलेला होता.

ती तशीच मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कागद वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सिस्टर, अलार्म वाजणार हे दहा सेकंद आधी कुणाला कळतं?"

"कुणालाच नाही सर. मलाही नाही."

"एकाला कळतं. जो प्रवाह अडवणार आहे त्याला." त्यांनी फोनकडे हात नेला. "कसा तरी प्रवाह अडवायचा, त्याआधी बटण दाबून ठेवायचं. हे दुर्लक्ष नाही. हा खुनाचा प्रयत्न आहे. आता हे आपलं काम राहिलं नाही, पोलिसांचं आहे."

ताईने त्या फोनवर आपला तळहात ठेवला. तेवीस वर्षांच्या नोकरीत असं तिने कधी केलं नव्हतं.

"सर, पोलीस आले की समिती शुक्रवारची वाट पाहणार नाही. नाव आजच जाईल. मला उद्या दुपारपर्यंत द्या."

"कशाच्या जोरावर?"

"एकतीस वेळा खून करायला बसलेला माणूस तिसाव्यांदा तरी यशस्वी झाला असता."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "उद्या दुपारी बारा."

४

गुरुवारी सकाळी ती रुग्णालयाच्या सामानखोलीत गेली. बाइंडरचे मंगळवारचे कपडे एका पिशवीत बांधून ठेवले होते. शर्ट, मोजे, काम करताना बांधायचा निळा एप्रन. मोजे झटकले तशी त्यातून कागदाची बारीक वेटोळी पडली, सुतासारखी, एका बाजूला कोरी पांढरी. एप्रनच्या दुमडीत आणखी मूठभर.

नुसत्या बसणाऱ्या माणसाच्या मोज्यात कातरण कसं जातं?

एप्रनवर डाव्या बाजूला, बरगडीच्या जरा खाली, एक कप्पा शिवलेला होता. डबीच्या मापाचा. ताईने त्यात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. मग एप्रन बगलेत मारून ती कारखान्यात पोचली, ती थेट डिंकाच्या पुढ्यात.

"कामाची वही द्या."

"कसली वही?"

"कुठल्या दिवशी कुठलं पुस्तक शिवलं, कुठलं कापलं, ती वही. तुम्ही ठेवता, मला माहीत आहे. आणि कानातले बोळे काढा, आज मी मोठ्याने बोलणार नाहीये."

डिंकाने वही दिली. ताईने तिच्याशेजारी आपला कागद ठेवला. ज्या दिवशी फक्त जुजबंदी, म्हणजे पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवायचं काम, त्या दिवशी एकही अलार्म नाही. सुट्टीच्या दिवशी नाही. पण ज्या ज्या दिवशी शिकंज्यावर कडा कापायचं काम, त्या त्या दिवशी अलार्म. एकही दिवस सुटला नव्हता.

"हे अक्षर तुमचं," ताई म्हणाली. "कापणारा हात कुणाचा?"

डिंकाने वही मिटली. मागून जावयाचा आवाज आला. "सांगून टाका. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. उगाच आणखी खायला नको."

मग सगळं बाहेर पडलं. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत धाप लागते म्हणून डॉक्टरांनी पंपाचा वेग थोडा वाढवला होता. बाइंडरला एकदम तरतरी आली. घरी येऊन त्याने शपथ घातली, "मी शिकंज्यावर उभा राहणार. कोणी रुग्णालयात बोललात तर मला मेलेला बघाल." काम करताना माणूस पुन्हा हसायला लागला, म्हणून कोणी बोललं नाही. कमरेच्या डबीला खळ लागायला लागली, म्हणून वहिनींनी कप्पा शिवून दिला.

"मधूनमधून चक्कर यायची त्याला," डिंक म्हणाला. "मग ताठ उभा राहायचा, दोन श्वास घ्यायचा, की बरा. मंगळवारी जाडजूड कोश होता, आणि मी नव्हतो. एका दमात कापत राहिला असेल."

"कसा उभा राहतो कापताना? दाखवा मला."

डिंक शिकंज्यापाशी गेला. दोन्ही हातांनी ओढायची लांब सुरी धरली, डावा पाय पुढे टाकला आणि डाव्या अंगाने लाकडावर रेलला. सगळा भार बरगडीखाली, शिकंज्याच्या काठावर.

ताईने हातातला एप्रन उलगडून त्याच्या अंगाशी धरला. शिवलेला कप्पा अचूक त्या काठावर आला. तिने घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

"चला," ती म्हणाली. "सगळे चला. खुनी सापडला."

५

"वाकणं," अतिदक्षता विभागात बाइंडरच्या खाटेपाशी ताई डॉक्टरांना म्हणाली. "बटण दाबणारा आणि प्रवाह अडवणारा एकच आहे सर, हे तुमचं म्हणणं खरं होतं. फक्त तो माणूस नाही. डावीकडे रेललं की आधी काठाने बटण दाबलं जातं. त्याच वेळी सरकलेल्या पंपाचं तोंड हृदयाच्या भिंतीला चिकटायला लागतं, आणि वाढवलेल्या वेगामुळे ते भिंतीलाच ओढून घेतं. प्रवाह पडायला दहाएक सेकंद लागतात. मग अलार्म. तोवर आवाज बंद झालेला असतो."

"आणि आपल्या तपासणीत हे दिसलं नाही?"

"आपण त्यांना उताणं झोपवतो. घरी सरळ बसवतो. त्या दोन्ही स्थितीत पंप शहाण्यासारखा वागतो. मंगळवारी उताणं केल्यावर अलार्म आपोआप थांबला, तसा."

"सगळा अंदाज आहे, सिस्टर. समितीला पुरावा लागतो."

"वाकवून पाहू."

"दोन दिवसांपूर्वी बेशुद्ध पडलेल्या माणसाला? मी परवानगी देणार नाही."

तेव्हा खाटेवरून बाइंडर बोलला. "डॉक्टर, सहा वर्षांत तुम्ही मला कापलंत, शिवलंत, खारट खाऊ नका म्हणालात. एकदा तरी मी नाही म्हटलं का?"

"काम करू नका म्हणालो होतो."

"ते एक सोडा. आज तुम्ही नाही म्हणू नका. माझ्या घरातल्या माणसांवर खुनाचा आळ आहे, आणि तो मी खोटं बोललो म्हणून आहे. मी पडलो तर धरायला एवढी माणसं आहेत. मला एप्रन द्या."

खाटेवरचं टेबल त्याच्या मापाला वर घेतलं. दोन माणसं दोन बाजूंना उभी राहिली. सोनोग्राफीवाली पडद्यावर डोळे लावून बसली. ताईने एप्रन बांधला, डबी कप्प्यात सरकवली, आणि प्रवाहाचा आकडा मोठ्याने वाचायला लागली.

"चार पूर्णांक सहा. वाका, दादा."

बाइंडर डाव्या अंगाने रेलला. खट. बटण दाबल्याचा दिवा लागला.

"चार पूर्णांक पाच. चार. तीन पूर्णांक एक."

"भिंत ओढली जातेय!" सोनोग्राफीवाली म्हणाली. "तोंडावर आली!"

"एक पूर्णांक नऊ." डबीवरचा लाल दिवा पेटला. आवाज नाही.

"उठा, उठा!" डॉक्टर ओरडले, पण त्याआधीच चार हातांनी बाइंडरला सरळ केलं होतं. आकडा चढत गेला. तीन. चार. डॉक्टरांनी स्वतः पुढे होऊन पंपाचा वेग खाली आणला आणि मग खुर्चीत बसून घाम पुसला.

"पोलिसांचा नंबर मी काल फिरवणार होतो," ते हळू म्हणाले, "त्याबद्दल माझ्या वतीने त्या घराची माफी मागा."

६

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना सांगायचं की नाही, यावर ताईने पाच पावलं विचार केला आणि सहाव्या पावलाला ठरवलं. अर्धं सत्य सांगून तिघांनी काय केलं ते तिने नुकतंच पाहिलं होतं.

"वहिनी, बटण कप्प्यामुळे दाबलं जात होतं."

"माझ्या हाताने शिवलेला."

"तुम्ही कप्पा शिवला. डॉक्टरांनी वेग वाढवला. दादांनी शपथ घातली. आणि मी तुम्हाला सहा वर्षं सरळ बसवून आकडे घ्यायला लावलं. प्रत्येकाने भल्यासाठी केलं. चूक वाटून घ्यायची म्हटलं तर सगळ्यात मोठा वाटा माझा आहे, तुमचा नाही."

"ह्यांना सांगू नका."

"ते तिथेच होते. त्यांनी पाहिलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शिलाई बघा कशी आहे, एवढा भार पडला तरी एक टाका उसवला नाही."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसताहेत की रडताहेत ते ताईला कळेना. बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

शुक्रवारी दहा वाजता समितीच्या सहा माणसांसमोर ताई उभी राहिली. तिने शिकंजा सांगितला, कप्पा सांगितला, पडद्यावर ओढली गेलेली भिंत दाखवली. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे दोष कुणाचाच नाही?"

"माझा आहे," ताई म्हणाली. "रुग्णांना घरी द्यायचा सूचनांचा कागद मी लिहिला. 'सरळ बसा' असं त्यात माझ्या अक्षरात आहे. पंप सरकू शकतो हे मला माहीत होतं. तरी काम करताना हा माणूस कसा उभा राहतो, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यांनी खोटं सांगितलं, कारण काम हा विषय आपण फक्त बंद करायला काढतो. ह्याची लेखी ताकीद मला द्या. यादीतलं नाव मात्र राहू द्या. त्या घरात चौघं आहेत आणि चौघंही आता कान टवकारून बसतील."

तिला बाहेर पाठवलं. बारा मिनिटं गेली. मग मोठे डॉक्टर दार उघडून आले. त्यांच्या एका हातात ताईच्या नावाचं ताकीदपत्र होतं, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर.

"दुसरा नंबर," ते म्हणाले. "कायम."

ताईने ताकीदपत्रावर सही केली, त्याची प्रत मागून घेतली आणि आपल्या खोलीत गेली. बाइंडरकडे जायला हवं होतं, वहिनींना सांगायला हवं होतं; पण ते डॉक्टर करणार होते, आणि त्यांना ते करायची हौस दिसत होती. तिने रुग्णांची यादी काढली. बाइंडरचं नाव सोडून एकोणीस. पहिला फोन लावला. पलीकडे एक शाळेतली बाई होती, चार वर्षं पंपावर.

"ताई? काय झालं? माझा काही रिपोर्ट?"

"काही नाही, घाबरू नका. मला एक सांगा. फळ्याच्या अगदी खालच्या ओळीत लिहिताना तुम्ही कशा वाकता?"

"हे तर मला कधी कुणी विचारलंच नाही."

"हो," ताई म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं. "सांगा. सावकाश सांगा. मी लिहून घेते."